प्रतिनिधी आधी नेमावा की नात्यावर सोडावं?
बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत मानसिक आजार निघाला की ‘भाऊ आहे ना, तो बघेल’ असंच ठरतं. कायद्यालाही ते चालतं: 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पेशंटने कुणाला नेमलं नसेल, तर नातेवाईक प्रतिनिधी, म्हणजे उपचाराचे निर्णय घेताना पेशंटला साथ देणारा माणूस, होऊ शकतो. पण कारेलीबागच्या सरकारी रुग्णालयात भरतीची वेळ आली आणि भावाभावांचं पटत नसेल, तर रोज गोळ्या देणाऱ्या वहिनीला घरात विचारतो कोण?

दुसरी वाट मला जास्त पटते. बरं असताना पेशंटने साध्या कागदावर विश्वासातल्या माणसाचं नाव लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा. त्या माणसाची लेखी संमती मात्र हवी. तो नातेवाईकच असायला हवा असंही नाही! नाव नंतर बदलता येतं, निवड पेशंटचीच राहते.