आंकी आणि जुळ्या वाटणाऱ्या जपानी क्रियापदांची कार्डे

जपानी भाषेच्या जेएलपीटी या प्रावीण्य परीक्षेच्या एन-४ पातळीसाठी गेले आठ महिने मी मुलुंड ते दादर या रोजच्या प्रवासात आंकी हे फ्लॅशकार्डांचे अ‍ॅप वापरत आहे. ‘आंकी’ या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर असा आहे, आणि चुकलेले कार्ड लवकर व जमलेले कार्ड अधिकाधिक दिवसांनी पुढे आणण्याचे काम ते चोख करते. नामे त्यामुळे भराभर पाठ झाली. क्रियापदांनी मात्र मला बरेच अडवले.

सुरुवातीला मी इंग्रजी अर्थांचा एक आयता संच घेतला होता. त्यात ‘ओमोउ’ आणि ‘कांगाएरु’ या दोन्हींचा अर्थ ‘थिंक’ एवढाच दिला होता, त्यामुळे उत्तर देताना प्रत्येक वेळी अंदाजच करावा लागे. एखादे कार्ड आठ वेळा विसरले की आंकी त्यावर ‘लीच’, म्हणजे जळू, असा शिक्का मारते. माझ्या जळवांमध्ये बहुतेक अशीच क्रियापदे होती.

मग मी ती कार्डे मराठीत नव्याने लिहिली आणि गोंधळ पुष्कळ कमी झाला, कारण ‘ओमोउ’ म्हणजे वाटणे आणि ‘कांगाएरु’ म्हणजे विचार करणे हा भेद आपल्या भाषेत आधीच आहे. ‘मिरु’ म्हणजे पाहणे आणि ‘मिएरु’ म्हणजे दिसणे. ‘डोंगर दिसतो’ या वाक्यात डोंगर कर्ता असतो, म्हणून ‘यामा गा मिएरु’ मधला कर्ता दाखवणारा ‘गा’ वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘वारु’ व ‘वारेरु’ म्हणजे फोडणे व फुटणे, ‘ओतोसु’ व ‘ओचिरु’ म्हणजे पाडणे व पडणे. एसी लोकलचे दार आपोआप लागते तेव्हा ‘दोआ गा शिमारु’, आणि घरचे दार आपण लावतो तेव्हा ‘दोआ ओ शिमेरु’, यातला ‘ओ’ कर्म दाखवतो.

जिथे मराठीही एकाच शब्दावर भागवते, तिथे ही युक्ती चालत नाही. दार उघडते आणि आपण दार उघडतो, दोन्हीकडे क्रियापद तेच. जपानीत ‘आकु’ आणि ‘आकेरु’ वेगळे. शर्ट ‘किरु’, पँट आणि बूट ‘हाकु’, टोपी ‘काबुरु’. आपण मात्र हे सगळे ‘घालतो’. अशा शब्दांसाठी आंकीतील रिकाम्या जागेचे कार्ड सर्वांत उपयोगी आहे: ‘बोओशि ओ’ (बोओशि म्हणजे टोपी) एवढेच समोर ठेवावे आणि क्रियापद आपण भरावे. ‘किरु’च्या कार्डावर मी ‘ते’ रूपही (क्रियापद पुढच्या शब्दाला जोडताना होणारे, ‘ते’ने संपणारे रूप) लिहितो, कारण कापणे या अर्थाचेही ‘किरु’ आहे, पण घालण्याचे रूप ‘किते’ आणि कापण्याचे ‘कित्ते’ होते.

सारखी क्रियापदे शेजारी ठेवून त्यांतील फरक आंकी आपणहून सांगत नाही. तशी कार्डे स्वतःच बनवावी लागतात, आणि ती संगणकावर बनवणे सोयीचे पडते. संगणकावर व अँड्रॉइडवर आंकी मोफत मिळते, आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते.