श्रीखंडाच्या डब्यांची गढी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत लेकीच्या किल्ल्याला एक बुरूज कमी पडत होता. माती संपली होती आणि अंधार पडत आला होता. स्वयंपाकघरातला श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा मी पालथा घातला, त्याला उरलासुरला चिखल फासला आणि तटाच्या कोपऱ्यात बसवला. जरा मागे सरून पाहिलं, तर मातीच्या सगळ्या बुरुजांपेक्षा तोच खरा वाटत होता. हे डबे एकात एक बसावेत म्हणून तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळते घडवतात. पालथा घातला की तोच उतार बुरुजाच्या भिंतीचा उतार होतो. त्या रात्रीपासून घरातला एकही डबा मी न बघता कचऱ्यात जाऊ दिलेला नाही.

मी टेबलावरचे युद्धखेळ खेळतो. ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रंगवलेले छोटे सैनिक, मोजपट्टी आणि फासे घेऊन दोघं-चौघं टेबलावर लढाई मांडतात. कोण किती इंच सरकला, कुणाला कोण दिसतो, कोण भिंतीच्या आड आहे, यावर डाव फिरतो. म्हणून टेबलावरची घरं, भिंती, ओढे, झाडी (याला आम्ही टेरेन म्हणतो) हा नुसता देखावा नसतो. निम्मा खेळ त्यातच असतो. टाकाऊ वस्तूंतून टेरेन करणं ही या छंदाची जुनी रीत आहे. १९८७ साली ब्रिटनमध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा युद्धखेळ निघाला, त्या काळात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून केलेला रणगाडा छंदवाल्यांमध्ये प्रसिद्ध झाला होता.

मला डब्यांकडे वळायला आणखी एक कारण होतं. तयार मिळणारं टेरेन बहुतेक युरोपातलं असतं, म्हणजे टोकदार छपरांची घरं, चर्च आणि दगडी पूल. मराठवाड्यातलं धाब्याचं घर किंवा पांढऱ्या मातीची गढी मला कुठेच विकत मिळाली नाही. आणि आम्हा चौघांना खेळायची होती असईची लढाई.

२३ सप्टेंबर १८०३. ठिकाण आजच्या जालना जिल्ह्यातलं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा होत्या आणि त्यांच्यावर चालून आला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. ही लढाई जमिनीच्या ठेवणीनं घडवली. केळणा ओलांडता येईल असा उतार जवळपास नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं होतं. पण नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर दिसली, तेव्हा मधून येण्या-जाण्याची वाट असणारच, हे वेलस्लीनं ताडलं आणि तिथूनच फौज उतरवली. पुढे त्याच्या उजव्या बाजूची ७४वी हायलँडर पलटण फार उजवीकडे सरकत थेट असई गावासमोर गेली आणि तोफांच्या व घोडदळाच्या माऱ्यात तिची धूळधाण झाली. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांच्या बाजूचे ४२८ ठार आणि अकराशेहून जास्त जखमी झाले. असईला मातीचा तट होता. तो तट टेबलावर नसेल, तर ७४व्या पलटणीचं काय झालं हे खेळून कळूच शकत नाही. म्हणून आम्ही लढाईचा तेवढाच कोपरा घेतला : गाव, तट, चार बुरूज, आत एक गढी आणि समोर उघडं रान. सैनिक २८ मिलिमीटरचे. या मापाला दरवाजा साधारण चार सेंटिमीटर आणि घराचा मजला सहा-सात सेंटिमीटर उंच लागतो. अर्ध्या किलोचा डबा बुरूज म्हणून त्यात नेमका बसतो.

पहिले तीन बुरूज मी साबणानं धुतले, पॉलिश पेपरनं घासले, त्यांवर स्प्रेचा प्रायमर मारला आणि मातीचा रंग दिला. पंधरा दिवस ते देखणे दिसले. तिसऱ्या डावात मित्राचं नख लागलं आणि रंगाची सालपटं निघाली. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो. तो पॉलिप्रॉपिलीनचा. तेलाच्या कॅनवर २ असतो, ते एचडीपीई. दोन्ही प्लास्टिकं मेणचट असतात. रंग, पांढरा गोंद, झटपट चिकटणारा गोंद, काहीच त्यांना धरून राहत नाही. कितीही घासलं तरी फरक थोडाच पडतो. त्रिकोणात ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन. ते रंगही धरतं आणि मॉडेलच्या गोंदानं जुळतंही, पण आमच्या घरात असे डबे क्वचित येतात.

इथे मी जवळजवळ सोडून देणार होतो. मग माझ्या लक्षात आलं की मी डब्याकडून नको ते मागत होतो. डब्यानं आकार द्यायचा आणि वजन पेलायचं. दिसायचं काम दुसऱ्या कशानं तरी करायचं. तेव्हापासून प्रत्येक डब्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर चढवतो. गोंद प्लास्टिकला धरत नाहीच, पण पट्टी काठावरून वळवून दोन सेंटिमीटर आत नेली की कागद कागदाला धरतो आणि डब्याभोवती घट्ट सदरा तयार होतो. तापवलेल्या सुईनं डब्याला पंधरा-वीस भोकं पाडली (खिडकी उघडी ठेवून, धूर नाकात जाऊ न देता), तर पहिला थर भोकांतून आत शिरून आणखी पक्का बसतो. वर भिंतींना लावायची पांढरी पुट्टी, फेव्हिकॉल आणि चाळलेली बारीक वाळू यांचा लेप द्यायचा. तो वाळताना बारीक तडे जातात आणि ते तडे उन्हाळ्यात तडकलेल्या मातीच्या भिंतीसारखे दिसतात. रंगासाठी लोखंडाला मारतात तो रेड ऑक्साइड खाली, मग मातकट पिवळा, मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग वरून सोडायचा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट रंगाचा हात फिरवायचा.

अशा पद्धतीनं डिसेंबरात केलेले बुरूज आज सप्टेंबरात उभे आहेत. एक दोनदा जमिनीवर पडला. कोपऱ्यावरची पुट्टी उडाली, ती दहा मिनिटांत भरली. रंगाचं सालपट एकदाही निघालेलं नाही.

कागद चिकटवायला सुरुवातीला मी मैद्याची खळ वापरली, कारण तिला खर्च नाही. फेब्रुवारीत एका घराच्या भिंतीला भोकं दिसली. कसर लागली होती. शेजारी पुस्तकबांधणीचं काम केलेले एक काका राहतात, त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी हातात धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “खळीत मोरचूद घातलंस का? आम्ही चिमूटभर घातल्याशिवाय कधी खळ शिजवली नाही.” मोरचुदानं खळीला कीड लागत नाही, पण ते विषारी असतं. लेक माझ्याबरोबर चिकटवायला बसते, म्हणून मी ते घरात आणलं नाही आणि सरळ फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून वापरायला लागलो. पण एकट्यानं, हातमोजे घालून काम करणाऱ्याला काकांचा सल्ला मोलाचा आहे.

आता धाब्याच्या घरांविषयी, कारण सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागला. हॉटेलच्या पार्सलचा चौकोनी डबा आणि त्याचं झाकण पाहिलं की वाटतं, सपाट छपराचं घर तयारच आहे. झाकण उचला, सैनिक आत ठेवा. पण डबा सुलटा ठेवला की भिंती वर जाताना बाहेर झुकतात. मातीचं घर असं कधीच नसतं. त्याच्या भिंती पायथ्याशी जाड आणि वर बारीक असतात. मी दोन घरं सुलटी करून पाहिली. टेबलावर ती घरं वाटेनात, खोकी वाटली. डबा पालथाच घालावा लागतो. मग तळाचं छप्पर होतं आणि झाकण खाली पायाला जातं. उपाय असा काढला : तळ कटरनं कापायचा, पण चारी बाजूंनी एक सेंटिमीटरची कड ठेवायची. त्या कडेवर बसेल असा पुठ्ठा कापून त्यावर मातीचा लेप द्यायचा. बाहेरून कड धाब्याच्या कठड्यासारखी दिसते आणि छप्पर नखानं उचलता येतं. खाली झाकण घट्ट बसवलं की घराला पाया मिळतो. अशी सात घरं केली, सातही रोजच्या वापरात आहेत. छपरावर पाच सैनिक आरामात उभे राहतात आणि तटावरून मारा सुरू झाला की हीच छपरं सगळ्यांना हवी असतात.

हलकेपणा ही डब्यांची मोठी खोड आहे. शर्टाची बाही लागली तरी घर सरकतं. म्हणून आत वाळू भरून खालून बंद केली. यात एक नुकसान सोसलं. दोन बुरुजांत बांधकामाची ओलसर वाळू तशीच भरली होती. जुलैत त्यांच्या पायथ्याशी पांढरी बुरशी आली आणि कागद सुटला. दोन्ही टाकून द्यावे लागले. वाळू कढईत भाजून, गार करून भरावी. त्यानंतर तक्रार नाही.

पावसाळा ही खरी परीक्षा होती. डब्यांना काहीच झालं नाही, जे झालं ते पुठ्ठ्याला. एकाच बाजूनं रंगवलेले पुठ्ठ्याचे पाये पापडासारखे वाकले. आता दोन्ही बाजूंना गोंदाचा हात देतो किंवा तीन मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला पत्रा) घेतो. स्प्रे प्रायमर जून ते सप्टेंबर मी मारतच नाही, दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. ब्रशनं लावलेला प्रायमर हळू वाळतो, पण बिघडत नाही.

तटाच्या दगडी पायासाठी अंड्यांचे ट्रे आणले. कागदी लगद्याचा तो ट्रे नखानं तुकडे करून चिकटवला की घडीव दगडाचा खडबडीतपणा आपोआप येतो. थर्माकोलही कोरता येतं, पण त्यावर स्प्रे मारला की ते विरघळतं, आणि २०१८ सालच्या महाराष्ट्रातल्या बंदीनंतर सजावटीचं थर्माकोल मी घरात आणलेलं नाही. अंड्यांचा ट्रे मला त्याहून सरस वाटतो. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांच्या फुगवट्यांवरून दरवाजाचे खिळे केले. गढीच्या महादरवाजावर ते इतके शोभतात की समोरचा खेळाडू आधी हात लावून बघतो. चहाचा गाळलेला चोथा कडक उन्हात वाळवून बांधाखाली पसरला की तो पाचोळाच होतो. बाभळींसाठी जुन्या वायरची तांब्याची तार पिळून नारळाचा काथ्या लावला.

फसलेलं एकच मोठं काम म्हणजे पाच लिटरचा तेलाचा कॅन. त्याची मुख्य गढी करायची होती. तीन वेळा धुतला, धुण्याच्या सोड्यात रात्रभर ठेवला, तरी सांध्यातला तेलकटपणा गेला नाही आणि कागद सुटत राहिला. जाड प्लास्टिक कापताना कटर घसरून अंगठ्याला टाके पडले. तो मी कुणालाही सुचवणार नाही. गढी शेवटी आइस्क्रीमच्या दोन चौकोनी डब्यांची केली आणि ती उत्तम झाली.

खर्च लिहून ठेवला आहे. पुट्टी, गोंद, रंग, एमडीएफ आणि दोन ब्रश मिळून दहा महिन्यांत १,९४० रुपये. त्यात सात घरं, सहा बुरूज, साडेतीन फूट तट, एक गढी आणि अकरा झाडं झाली. वेळ मात्र लागतो. एका बुरुजाला थर वाळण्यासकट चार दिवस.

जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. रिकामे डबे एकात एक जातात, लेप दिलेले जात नाहीत. १८१२ साली राइसव्हिट्झ नावाच्या गृहस्थानं प्रशियाच्या (जर्मनीतल्या एका जुन्या राज्याच्या) राजासाठी युद्धखेळाचं टेबल केलं, त्यात जमिनीचे तुकडे ठेवायला खण होते. दोनशे वर्षांपूर्वी त्यालाही हीच अडचण आली असणार, असं मला नेहमी वाटतं. माझं टेरेन पलंगाखाली तीन खोक्यांत आहे आणि आईनं चौथ्या खोक्याला नाही म्हणून सांगितलंय.

असईचा तो कोपरा आतापर्यंत नऊ वेळा खेळलो. सहा वेळा ७४वी पलटण तटाच्या अलीकडेच संपली. एकदा ती दिंडी दरवाजापर्यंत पोचली, तेव्हा मित्रानं धाब्यावरचे सगळे बंदूकवाले एका कोपऱ्यात आणून तिला उघड्यावर गाठलं. पालथ्या डब्याची उंची, तिचा उतार, छपराची ती एक सेंटिमीटरची कड, हे सगळं त्या डावात मोजपट्टीखाली आलं आणि कुठेही ‘समजा इथे भिंत आहे’ असं म्हणावं लागलं नाही.

दिवाळी आता महिन्याभरावर आली. लेकीनं सोसायटीच्या किल्ल्यासाठी यंदा चार बुरूज मागितलेत, टेबलावरच्यासारखेच. उघड्यावर दवात राहायचे, म्हणून दोन सध्या गच्चीत वॉर्निशचा दुसरा हात लावून वाळत ठेवलेत. बाकीच्या दोघांसाठी डबे अजून फ्रिजमध्ये आहेत, श्रीखंड संपायचंय.