पद्मिनीची पुढची काच बदलताना मला कसं गंडवलं, जुनी गाडी असेल तर वाचाच

बाबांची 1988 ची प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे, कोल्हापुरात. रोज नाही चालवत पण रविवारी रंकाळ्याला एक फेरी असतेच, स्टेअरिंगला गिअर आणि पुढं सोफ्यासारखी सलग सीट बघून पोरं अजून विचारतात काका ही कुठली गाडी. तर पुढच्या काचेवर वायपरचे चरे पडले होते आणि भोवतीचं रबर, ज्याला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, ते वाळून चिरलेलं. मार्चमध्ये म्हटलं पावसाआधी उरकून घेऊ.

ऑफिसातल्या एकानं हायवेवरचं एक गॅरेज सांगितलं, जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणून. नाव लिहीत नाही. तो म्हणाला, "साहेब, नवी लॅमिनेटेड काच, नवं रबर, खालचा गंज घासून प्रायमर, सगळं मिळून साडेअकरा हजार. सकाळी सोडा, संध्याकाळी न्या." पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वरनं लागेल, कशाला उगीच. मीपण लगेच हो म्हटलं, पैसे वाचले ह्या आनंदात. सात हजार रोख आणि साडेचार यूपीआयनं दिले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर.

संध्याकाळी गेलो तर गाडी एक नंबर दिसत होती, रबर काळंभोर, काच आरशासारखी. आत व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता, मला वाटलं काच पुसायचं काहीतरी मारलं असेल. जुनी काच कुठाय विचारलं तर, "काढताना फुटली साहेब, गेली भंगारात." विषय संपला.

एप्रिलमध्ये पन्हाळ्याला जाताना पोलराइज्ड गॉगल घातला होता आणि बघतो तर अख्ख्या काचेवर निळसर ठिपक्यांची नक्षी. फोन केला तर म्हणे गॉगल बदला. हे लक्षात ठेवा, असे ठिपके टफन काचेवर दिसतात, म्हणजे जी फुटली की सगळीच्या सगळी बारीक तुकडे होऊन अंगावर येते. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर असतो, दगड लागला तरी ती जाळी पडून जागेवर राहते, म्हणून तर हल्लीच्या गाड्यांना पुढं लॅमिनेटेडच असते. मी पैसे लॅमिनेटेडचे दिलेले. तरी तेव्हा गप्प बसलो, म्हटलं असेल काहीतरी.

जूनमध्ये पहिला खरा पाऊस झाला आणि डॅशबोर्डखालनं टप टप सुरू. बायकोच्या चपला भिजल्या, मॅट उचललं तर खाली तळं. परत त्याच्याकडं गेलो तर म्हणतो, "जुनी गाडी आहे साहेब, थोडं पाणी येणारच," आणि कडेनं आणखी एक सिलिकॉनची ट्यूब मारून वर पाचशे घेतले. होय, दिले मी. दुसऱ्या पावसात पुन्हा तेच, आणि आता फोनपण उचलेना.

मग इचलकरंजीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. ते म्हणाले, "मालक, स्टूल घ्या नि हितंच बसा, तुमच्या डोळ्यांदेखत खोलतो." आणि जे निघालं ते बघून डोकंच फिरलं. रबर नवं नव्हतंच, आमचंच जुनं, टायर पॉलिश मारून चमकवलेलं, मिस्त्रींनी नख ओढलं तर बोट काळं आणि खालनं त्याच चिरा. डाव्या खालच्या कोपऱ्यात पत्र्याला गंज तसाच ठेवून वर पुट्टी थापलेली आणि त्यावर सिलिकॉनचा ढीग. साध्या सिलिकॉनला जो आंबट वास येतो ना, त्यातनं सुटणारं ॲसिड उघडा पत्रा खातं, म्हणजे गंज काढला नाहीच, वर त्याला खुराक दिला. काचेची कड बघितली तर सलग एकच थर, कोपऱ्यात आयएसआयचा मार्कपण नाही.

खरं काम कसं असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ह्या गाड्यांची काच हल्लीसारखी चिकटवलेली नसते, रबराला दोन खाचा असतात, एकीत काच आणि दुसरीत गाडीचा पत्रा. मिस्त्रींनी पत्रा घासून प्रायमर मारून वाळवला, रबर आधी काचेला चढवलं, बाहेरच्या खाचेत सुतळी फिरवली, साबणाचं पाणी लावलं आणि बाहेरनं पोरगं काच दाबून धरतंय नि आतनं हे सुतळी हळूहळू ओढतायत, तसा रबराचा ओठ इंच इंच पत्र्यावर चढत गेला. सीलंटपण कडक न होणारं, नेहमी मऊ राहणारं वापरलं. मग मला आत बसवून बाहेरनं पाइपनं पाणी, पण खालच्या कडेपासनं वर वर, कारण वरनं एकदम ओतलं तर नेमकं कुठनं गळतंय ते कळतच नाही. थेंब नाही आला. नवी काच आणि रबर धरून 8,200 झाले, कच्चं नाही, छापील बिल.

आणि हे कमीच होतं की काय म्हणून जुलैमध्ये जुन्या सामानाच्या जाहिराती चाळताना एक फोटो दिसला, पद्मिनीची ओरिजिनल काच, 4,000. डाव्या कोपऱ्यात बाबांनी लावलेल्या जोतिबाच्या स्टिकरचा अर्धा गोल, मीच खरवडायला गेलो आणि निम्मा राहिलेला. मित्राच्या नंबरवरनं फोन लावला तर आवाज त्या हायवेच्या गॅरेजवाल्याचाच! चरे पॉलिशनं गेले असते म्हणजे काच बदलायची गरजच नव्हती बहुतेक. तोंडावर विचारलं तर म्हणे अशा शंभर काचा असतात, तुमचीच कशावरनं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. बिल आहे का, पैसे कोणाला दिले ह्यावरच गाडी अडली. माझ्याकडं मेव्हण्याच्या नावाचा एक स्क्रीनशॉट. कोणाचं असं काम निघालं असेल तर काच निघाल्यावर रबराखालचा पत्रा स्वतः बघा नि फोटो काढा, आणि जुनी काच फुटली म्हणाला तर तुकडे मागा, गाडी सोडून घरी तर अजिबात जाऊ नका.

सडलेल्या कोपऱ्याचं पेंटचं काम दिवाळीनंतर, तोवर तिथं रेड ऑक्साइडचा लाल पट्टा आहे आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवून माझी कहाणी सांगतायत.