मतदार सेवा पोर्टल: अर्ज घरबसल्या होतो, पाठपुरावा मात्र तुमच्याकडेच

निवडणूक आयोगाचे मतदार सेवा पोर्टल आणि त्याचेच मोबाइलवरचे रूप असलेले व्होटर हेल्पलाइन अ‍ॅप चार कामांसाठी आहे: मतदार यादीत नाव घालणे, हलवणे, दुरुस्त करणे आणि शोधणे. पहिली तीन कामे बरी होतात. चौथे काम सगळ्यात जास्त लोकांना लागते आणि तेच सगळ्यात कच्चे आहे. (आयोगाने २०२५ मध्ये चाळीसहून अधिक अ‍ॅप आणि संकेतस्थळे एकत्र आणणारे ईसीआयनेट जाहीर केले. बटणांच्या जागा बदलतील, पण नमुने (म्हणजे अर्जाचे ठरलेले फॉर्म) आणि त्यांमागचा कायदा तोच आहे.)

आधी शोधाबद्दल. ओळखपत्र क्रमांकावरून, मोबाइलवरून किंवा नाव-वय-जिल्हा अशा तपशिलावरून नाव शोधता येते. यांत क्रमांकाचाच मार्ग भरवशाचा. हा क्रमांक तीन अक्षरे आणि सात आकडे असा असतो. तुमच्या जुन्या कार्डावर तिरप्या रेघांचा लांबलचक क्रमांक असेल तर तपशिलाने नाव शोधून नवा क्रमांक टिपून ठेवा. तपशिलाने शोधताना स्पेलिंगचा घोळ होतो. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिता येते आणि यादीत सहावीच निघते. म्हणून शोधात काही आले नाही, एवढ्यावरून नाव कटले असे समजू नये. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या यादी भागाची (यादीच्या आपल्या मतदान केंद्रापुरत्या तुकड्याची) पीडीएफ उतरवून घर क्रमांकानुसार डोळ्यांनी पाहावी. ती पीडीएफ चित्ररूपात असते, त्यामुळे तिच्यात शब्द टाकून शोधण्याची सोय नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेने हे असे का ठेवावे, हा प्रश्न रास्त आहे.

नवे नाव घालायचे तर नमुना ६. अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात ते दिवस, आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. वयासाठी जन्मदाखला किंवा दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँक पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काहीही चालते. आधार क्रमांक नसेल तर तसे जाहीर करण्याची सोय नमुन्यातच आहे. नाव इंग्रजीत टाइप केले की मराठी रूप आपोआप उमटते आणि बहुतेक चुका इथेच शिरतात. ‘शिंदे’चे ‘शिन्दे’ झाले तर पुढे दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो, तेव्हा सबमिट करण्याआधी मराठी रकाना अक्षर न् अक्षर वाचा. कुटुंबातील एखाद्याचा ओळखपत्र क्रमांक विचारतात, तो जरूर भरा. तो दिला की घरातली माणसे एकाच यादी भागात येण्याची शक्यता वाढते.

आता खरा सापळा. घर बदलले की अनेक जण पुन्हा नमुना ६ भरतात. जुन्या ठिकाणचे नाव तसेच राहते आणि माणूस दुबार मतदार होतो. स्थलांतरासाठी नमुना ८ आहे, मग मतदारसंघ तोच असो वा दुसरा. नावातली दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाऐवजी दुसरे कार्ड आणि दिव्यांग असल्याची नोंद हीसुद्धा त्यातच होते. ओळखपत्र क्रमांक बदलत नाही. लग्नानंतर सासरी आलेल्या बाईचे नाव माहेरच्या यादीत अडकण्याचे मोठे कारण हेच, की घरात कोणी तिच्यासाठी नमुना ८ भरतच नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विरुद्ध आहे आणि खोटे निवेदन दिले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

अर्ज गेला की संदर्भ क्रमांक मिळतो. पुढे बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) नेमणूक, घरी येऊन पडताळणी, मग मंजूर किंवा नामंजूर असा प्रवास दिसतो. बीएलओ बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, आपले नेहमीचे काम सांभाळून फिरतात. घराला कुलूप दिसले की अर्ज लटकतो. त्यांचा नंबर पोर्टलवरच मिळतो, तर आपणच फोन करून वेळ ठरवावी.

कुलुपाचा फटका ऊसतोड कामगारांना, वीटभट्टीवरच्यांना आणि भटक्या समाजांना सर्वाधिक बसतो, आणि यादीतून सुटणाऱ्यांत यांचीच नावे आधी असतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे: तात्पुरते बाहेर गेल्याने ‘सर्वसाधारण रहिवासी’पण, म्हणजे त्या जागी नेहमी राहणारा ही ओळख, जात नाही, असे त्याच १९५० च्या कायद्याचे कलम २० सांगते. स्थलांतराच्या कारणाने नाव वगळण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी देणेही बंधनकारक आहे. बेघर व्यक्तीला पत्त्याचा पुरावा लागत नाही. ती सांगितलेल्या जागी झोपते का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचे असते. तृतीयपंथीयांसाठी नमुन्यात स्वतंत्र पर्याय आहे. हे सगळे कागदावर चांगले आहे, पण पोर्टलवर बेघरांना ही वाट सहज सापडेल अशी कुठेच मांडलेली नाही.

अर्ज नामंजूर झाला तर स्क्रीनवरचे कारण मोघम असते. मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडून लेखी आदेश मागा. त्यावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. अपिलाचा हा रस्ता फार थोड्यांना ठाऊक असतो.

ई-ओळखपत्राची पीडीएफ (२०२१ पासून) उत्तम चालते, फक्त मोबाइल नोंदवलेला हवा. कार्ड हातात आहे म्हणून मतदान करता येईलच असे नाही, यादीत नाव लागते. उलट, नाव असेल आणि कार्ड नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना अशा १२ पर्यायांपैकी एक पुरते. मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

महापालिका किंवा जिल्हा परिषदेला उभे राहायचे असेल तर सर्वांत महत्त्वाचे: स्थानिक निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला घेऊन प्रभागांत फोडतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण उमेदवाराचे नाव त्याच संस्थेच्या यादीत हवे, म्हणजे माहेरच्या यादीत अडकलेली बाई राखीव जागेवरही अर्ज भरू शकत नाही. प्रभागनिहाय प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेऊन नवे नाव घालता येत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेले नाव, लेखनिकाची चूक किंवा विधानसभेच्या यादीत असून गळालेले नाव एवढेच दुरुस्त होते. म्हणून ज्यांना उभे राहायचे आहे त्यांनी नमुना ८ ती तारीख जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी भरावा.

अर्जाच्या सोयीला पाचपैकी चार, शोधाला दोन, नामंजुरीनंतरच्या मार्गदर्शनाला एक. अडल्यास १९५० या क्रमांकावर फोन करा, तक्रार क्रमांक मागून घ्या.