समरकंद की बुखारा? मुक्काम एकाच गावी करायचा असेल तर

उझबेकिस्तानची सहल ठरवताना बहुतेकांचा ओढा समरकंदकडे असतो. साहजिकच आहे, रेगिस्तान चौकाचा फोटो एकदा पाहिला की दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. पण ताश्कंद धरून हातात चारच दिवस असतील, तर समरकंद पाहावं आणि मुक्काम बुखाऱ्याला करावा, असं माझं ठाम मत आहे.

भव्यतेत समरकंदला तोड नाही. रेगिस्तानात तीन मदरसे चौकाच्या तीन बाजूंनी उभे आहेत. उलुगबेगचा १४२० च्या सुमारास पुरा झाला, शेरदोर आणि तिल्ला-कारी त्यानंतर दोनेकशे वर्षांनी आले. शेरदोरच्या कमानीवर वाघासारखे प्राणी आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचे सूर्य. मदरशाच्या दर्शनी भागावर असं चित्र फार विरळा. बिदरचा महमूद गवानचा मदरसा ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथे चटकन ओळख पटेल: तीच मधला चौक धरून केलेली मांडणी, त्याच निळ्या टाइल्स. बिदरला त्या तुकड्यातुकड्यांनी उरल्यात, इथे भिंतीच्या भिंती भरल्यात.

आपल्या इतिहासाचे धागेही इथेच जास्त सापडतात. १३९८ मध्ये दिल्ली लुटणारा तैमूर गूर-ए-अमीरमध्ये पुरलेला आहे. त्या मोहिमेवरून परतल्यावर त्याने बीबी खानुम मशीद बांधायला घेतली, आणि दगड ओढायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती जुंपले. त्याचा नातू उलुगबेग मात्र आकाशात रमणारा. त्याच्या वेधशाळेचा जमिनीखालचा दगडी कंस आजही पाहता येतो. त्याने केलेल्या ग्रहताऱ्यांच्या सारण्या पुढे जयपूरच्या सवाई जयसिंहानेही अभ्यासल्या. खगोलशास्त्राची आवड असेल तर समरकंद चुकवू नका.

अडचण दोन बाबतींत आहे. एक म्हणजे या वास्तू एकमेकींपासून लांब आहेत आणि मधे रुंद रस्त्यांचं आधुनिक शहर पसरलंय, त्यामुळे सारखी टॅक्सी करावी लागते. दुसरी बाब जास्त महत्त्वाची. इथलं बरंचसं काम विसाव्या शतकातल्या डागडुजीचं आहे. बीबी खानुम तर १८९७ च्या भूकंपात ढासळली होती, आज दिसते ती बरीचशी नव्याने उभारलेली. शाह-ए-जिंदाची कबरींची गल्ली त्या मानाने जुनेपण टिकवून आहे. तिथे सकाळी लवकर जावं, टूरच्या गाड्या यायच्या आधी.

बुखाऱ्यात जुनं गाव अजून गाव आहे. ल्याबी-हौजच्या तळ्याकाठी तुतीची जुनी झाडं आहेत. तिथून निघालं की छपरावर घुमट असलेले बाजार ओलांडत कल्याण मिनारापर्यंत चालतच पोचता येतं. मिनार ११२७ चा, पंचेचाळीस मीटरहून उंच. चंगीझखानाने १२२० मध्ये शहर जाळलं, हा मात्र उभा राहिला. समोरच्या मीर-ए-अरब मदरशात आजही विद्यार्थी शिकतात.

पण माझ्या लेखी बुखारा म्हणजे एकेकाळी इथून राज्य करणाऱ्या सामानी राजांची कबर. दहाव्या शतकातली, लहानशी, जवळपास घनाकार. रंग नाही, टाइल नाही, नुसती भाजलेली वीट. कुठे आडवी, कुठे उभी, कुठे तिरकी लावून भिंतीला टोपलीसारखी वीण दिलीय. ऊन सरकेल तशी सावली बदलते आणि भिंतीचं रूपही बदलतं. सकाळी एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा, असं दोनदा जायलाच हवं. मुक्काम इथे असला तरच ते जमतं.

बुखाऱ्याचा दोष एकच: बऱ्याच मदरशांत आता गालिचे नि सुझनीची (भरतकाम केलेल्या कापडांची) दुकानं थाटलीत, आणि भर दुपारी त्यांचाच कलकलाट जास्त.

शाकाहारींची दोन्हीकडे सारखीच पंचाईत, कारण पुलावात मांस असतंच. नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, लाल भोपळ्याचा सामसा (भट्टीत भाजलेला समोसा) आणि सुका मेवा यांवर निभतं. सामसा घेताना आत काय आहे ते विचारूनच घ्या. घरचे वयस्कर बरोबर असतील तर बुखाराच बरा, चालणं कमी आणि बसायला सावली. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो.

ताश्कंदहून अफ्रोसियोब या वेगवान रेल्वेने समरकंद दोन-सव्वादोन तासांवर आहे, आणि तीच गाडी पुढे बुखाऱ्याला जाते. सकाळी समरकंदला उतरायचं, दिवसभर रेगिस्तान, गूर-ए-अमीर, शाह-ए-जिंदा पाहायचं आणि संध्याकाळच्या गाडीने बुखारा गाठायचं. हंगामात या गाडीची तिकिटं भराभर संपतात, म्हणून हॉटेलच्या आधी तीच काढा.