खिचडी की पिठलं? भाजी नसलेल्या रात्रीसाठी

घरी पोचल्यावर लक्षात येतं की भाजी आणलेली नाही. अशा रात्री आमच्याकडे दोनच गोष्टी होतात: मुगाच्या डाळीची खिचडी, नाहीतर पिठलं आणि कडक भाकरी. बायकोची नोकरी पाळीची, त्यामुळे गेली सहा वर्षं रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. दोन्ही इतक्या वेळा केलंय की आता हात आपोआप चालतात. ज्यांनी नुकतंच घर मांडलंय आणि महिन्याचं सामान भरताना कशावर भर द्यावा असा प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी लिहितोय.

आपलं बेळगाव दोन धान्यांच्या शिवेवर आहे. पश्चिमेला खानापूरकडे पाऊस आणि भात, पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे काळी जमीन आणि जोंधळा. माझी आई खानापूर तालुक्यातली, तिला भातावाचून जेवल्यासारखं वाटत नाही. बायकोचं माहेर अथणीकडचं, तिला भाकरी हवी. म्हणजे दोन्ही बाजू मी रोज ऐकतो.

पैशाचं म्हणाल तर दोन्ही स्वस्तच. रेशनचा तांदूळ घरात असेल तर खिचडी थोडी कमी पैशांत होते. तो तांदूळ मी अर्धा तास भिजवतो आणि पाणी जरा जास्त घालतो. पिठल्याला वाटीभर डाळीचं पीठ चौघांना पुरतं, पण कडक भाकऱ्या विकत घेतल्या तर तिथे पैसे जातात. घरात थापून वाळवणारं कुणी असेल तर प्रश्नच मिटला.

चवीत मी डावं-उजवं करणार नाही. वरून तूप आणि संकेश्वरी मिरचीची फोडणी घातलेली गरम खिचडी, सोबत पापड, यापुढे कुणी काही मागू नये. कुकरमधून काढल्यापासून दहा मिनिटं तिच्यासारखं दुसरं जेवण नाही.

माझी अडचण त्या दहा मिनिटांनंतर सुरू होते.

आमच्या घरी एका वेळी जेवण होतच नाही. आई साडेसातला जेवते, मुलगी क्लासहून साडेआठला येते, आणि बायको पावणेदहाला. आईच्या ताटात खिचडी मऊ, सैल पडते. मुलीला वाढेपर्यंत डाव उभा राहतो. बायको येईपर्यंत कुकरात ढेप झालेली असते. गरम पाणी घालून ती मोडायची, ढवळायची, परत गॅसवर ठेवायची. तोवर मीठ कमी लागायला लागतं, फोडणीचा वास गेलेला असतो आणि बुडाशी करपतं. ती कधी तक्रार करत नाही. ‘असू दे, मी खाते,’ म्हणते. पण आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला रोज शेवटचं, मोडलेलं ताट द्यायचं हे मला सोसेना. खिचडी मागे पडली ती एवढ्याच कारणानं. सगळे एकत्र बसणारं घर असेल तर हा मुद्दा तुम्हाला लागूही पडणार नाही.

झालेलं पिठलंही गार झालं की थिजतं, हे खरं. पण ते अर्धंच करून ठेवता येतं. कांदा, लसूण, मिरची, हिंग, हळद घालून फोडणी करायची, साडेतीन वाट्या पाणी ओतायचं, मीठ आणि दोन आमसुलं टाकून उकळायचं. आमसुलं मग काढून घ्यायची, नाहीतर पाणी नको तितकं आंबट होतं. लागेल तेवढं पाणी कढईत ठेवायचं, उरलेलं झाकून बाजूला. जो येईल त्याच्यापुरतं पीठ वाटीत कालवायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. आई कोरडं पीठ पेरते आणि तिच्याकडून एक गुठळी होत नाही, पण त्याला हात बसावा लागतो. कालवून घातलेलं घाईत बरं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं वाफ मात्र द्याच, नाहीतर पिठाचा कच्चा वास राहतो.

पिठल्याच्याही खोडी आहेत. पावसाळ्यात कडक भाकरी सादळते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि खाताना अर्धा मिनिट तव्यावर टाकली की परत कुरकुरीत होते. म्हाताऱ्या माणसाला ती चावत नाही, म्हणून आईसाठी तुकडे करून वर पातळ पिठलं ओततो आणि पाच मिनिटं झाकून ठेवतो. शिवाय डाळीचं पीठ रात्री पोटाला जड जातं, त्यामुळे फोडणीत ओवा घालतो. घरात कुणाला ताप असेल किंवा लहान मूल असेल तर मी स्वतः खिचडीच लावतो, त्यात दुसरा विचार करत नाही.

तरी डाळीचं पीठ आमच्याकडे आता दोन किलो येतं आणि मुगाची डाळ अर्धा किलो. पूर्वी हे उलट होतं.

काल बायकोला यायला सव्वादहा झाले. जिन्यावर शेजारच्या अक्कांनी तिला विचारलं, ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे कानडीत, जेवण झालं का? ती ‘इन्नू इल्ला’, अजून नाही, म्हणाली, तेवढ्यात मी गॅस लावला. ती हातपाय धुऊन बसली तेव्हा कढईतलं पिठलं रटरटत होतं, आणि ताटात शेंगाची चटणी नि कच्चा कांदा वाढून झाला होता.