इंग्रजी आकलनाचा पेपर काढताना : उतारा परका, पाठ झालेला की जवळचा?

'द ट्रेन कुड हार्डली मीट द सिटीज नीड.' हे वाक्य मी एका उताऱ्यात घातलं होतं. म्हणजे गाडीने शहराची गरज जवळजवळ भागलीच नाही. विषय होता २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे. प्रश्न साधा होता: गाडीच्या पाण्याने शहराची गरज भागली का? बऱ्याच मुलांनी लिहिलं, हो, भागली. 'हार्डली'मध्ये त्यांना 'हार्ड' दिसला आणि गाडीने कसोशीने, रात्रीचा दिवस करून गरज भागवली असा अर्थ त्यांनी लावला. याच मुलांना आधीच्या चाचणीत हुंड्यावरच्या उताऱ्यात दहापैकी आठ-आठ गुण पडले होते. तेव्हा मला आनंद झाला होता. नंतर दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कळलं की हुंड्याचा उतारा त्यांनी वाचलाच नव्हता. वाचायची गरजच पडली नव्हती.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या आवश्यक इंग्रजीचा पेपर काढणाऱ्या, विशेषतः नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितेय. अपठित उतारा सामाजिक विषयावरचा असावा, हे आपल्यापैकी बहुतेकांना पटलेलं असतं. मुलं ज्या जगात राहतात त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता यायला हवं, आणि माझंही मत तेच आहे. पण 'सामाजिक विषय' म्हटल्यावर आपल्यासमोर तीन अगदी वेगवेगळे पर्याय असतात. त्यांतून मोजलं जातं तेही वेगवेगळं.

परका उतारा

लंडनमधल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर किंवा अमेरिकेतल्या बेघरांवर लिहिलेला, परदेशी पुस्तकातून उचललेला उतारा. याचे दोन फायदे आहेत. भाषा तयार, नीटनेटकी असते. आणि विषयाची माहिती कुणालाच नाही, म्हणजे सगळे एका रेषेत उभे, असं वाटतं.

ते तसं नसतं. याबाबत १९७९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना इंग्रजीतली दोन पत्रं वाचायला दिली. एकात भारतीय लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात अमेरिकी लग्नाचं. आपल्या पद्धतीच्या लग्नाचं पत्र दोन्ही गटांनी जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं त्यांच्या जास्त लक्षातही राहिलं. अमेरिकी पत्रातली नवरी आजीचा लग्नाचा पोशाख घालते. तिकडे तो कौतुकाचा, घराण्याच्या परंपरेचा भाग. एका भारतीय वाचकाने मात्र पोशाख जुना आणि फॅशनबाहेरचा असल्याचं सांगितलं. शब्द सगळे कळले होते, तरी अर्थ निसटला.

आपल्या वर्गात हीच दरी आणखी रुंद होते. ज्याच्या घरी इंग्रजी मालिका चालतात, ज्याचा मामा न्यू जर्सीत आहे, त्याला 'केअर होम' म्हणजे काय हे उताऱ्याबाहेरूनच ठाऊक असतं. धडगावहून किंवा धारणीहून आलेल्या, घरी पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलीला तो शब्द, ती इमारत आणि ती चाल असं सगळंच नवं असतं. तिचे गुण कमी येतात आणि आपण म्हणतो, वाचन कच्चं आहे.

पाठ झालेला उतारा

हुंडा, प्लॅस्टिकबंदी, मोबाइलचं व्यसन, स्त्रीभ्रूणहत्या. या विषयांवर मुलांनी आठवीपासून निबंध लिहिलेले असतात. पेपर काढायला हा सगळ्यात सोपा पर्याय आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. 'हुंडा प्रथेचे दुष्परिणाम कोणते?' या प्रश्नाचं उत्तर उतारा झाकून ठेवूनही देता येतं. मुलं तेच करतात, आणि त्यात त्यांची चूक काही नाही.

इथे वाचन तपासायचं असेल तर पाठांतराला धडक देणारं वाक्य लागतं. समजा उताऱ्यात लिहिलंय, 'फ्यू कम्प्लेंट्स रीच्ड द पोलीस.' म्हणजे तक्रारी जवळजवळ आल्याच नाहीत. 'फ्यू'च्या आधी 'अ' असतं तर अर्थ झाला असता, काही तक्रारी आल्या. एका अक्षराने लेखकाचा सूर पालटतो. जो मुलगा निबंध आठवून लिहितोय त्याला हा फरक दिसतच नाही; जो वाचतोय त्याला दिसतो. पण अख्ख्या उताऱ्यात असं एखादंच वाक्य असतं, बाकीचे प्रश्न पुन्हा निबंधाकडेच नेतात.

आपला पेपर या खड्ड्यात पडलाय का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. प्रश्न तयार झाले की उतारा न देता नुसते प्रश्न दुसऱ्या वर्गातल्या चार-पाच मुलांना सोडवायला द्या. चार पर्यायांचे आठ प्रश्न असतील तर अंदाजपंचे सरासरी दोन बरोबर येतील. पाच-सहा येत असतील तर ते प्रश्न वाचन मोजत नाहीत, आणि ते बदलायला हवेत. याला अर्धा तास लागतो. मी आता त्याशिवाय पेपर छपाईला देत नाही.

जवळचा, पण नेमका

तिसरा पर्याय म्हणजे विषय आपल्या मुलुखातला, पण त्यातली घटना एकच, ठळक आणि तपशिलाची. मी जवळजवळ नेहमी हाच घेते. मेहनत मात्र याला सगळ्यात जास्त पडते, कारण असा उतारा तयार मिळत नाही. बातम्या वाचून, तपशील पडताळून आपणच सोप्या इंग्रजीत लिहावा लागतो.

लातूरचंच घ्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. हे दोन आकडे उताऱ्यात वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवायचे आणि विचारायचं, पहिल्या खेपेत माणशी साधारण किती पाणी आलं? उत्तर दीड लिटरच्याही आत येतं. ते उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नाही, पण उतारा वाचल्याशिवाय काढताही येत नाही. टाक्यांपुढच्या रांगा पाहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलाला विषय आपला वाटतो, तरी त्याला ओळ न् ओळ वाचावीच लागते. हे उत्तर ज्याने काढलं त्याला 'हार्डली'चा अर्थ शब्दकोशाशिवायही लागला असता. पुढच्या वर्षी मी प्रश्नांचा क्रम बदलला. आधी हा हिशेब, मग 'हार्डली'चं वाक्य.

दुसरं उदाहरण हेरवाडचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात थांबावं, म्हणून. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. इथे घटनाक्रमाचा प्रश्न फार छान बसतो: आधी काय झालं, ठराव की परिपत्रक? सरकार वरून सांगतं आणि गाव करतं, अशी मुलांच्या मनातली घडी असते. ती घेऊन उत्तर दिलं की चुकतं.

या पर्यायात एक धोका आहे, आणि तो हलका नाही. विषय जितका जवळचा, तितका तो वर्गातल्या कुणाच्या तरी घरातला असू शकतो. एकदा मी शेतकरी आत्महत्येवरचा उतारा दिला. एका मुलीने बाकीचा पूर्ण पेपर सोडवला होता, तेवढी दोन पानं कोरी. कारण मला नंतर कळलं. विषय महत्त्वाचा होता, उतारा संयमाने लिहिलेला होता, आणि तरी तीन तासांच्या पेपरात, बंद खोलीत तिच्यापुढे तो ठेवायला नको होता. तेव्हापासून मृत्यू आणि हिंसेचे विषय मी वर्गात चर्चेला घेते, जिथे मूल गप्प बसू शकतं, उठून बाहेर जाऊ शकतं. परीक्षेला घेत नाही.

भाषेची पातळी तिन्ही पर्यायांत सांभाळावी लागते. हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की आधाराशिवाय नीट समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे चारशे शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द आठच्या आसपास. आपण बातमी जशीच्या तशी उचलतो तेव्हा हा आकडा पहिल्याच परिच्छेदात ओलांडतो. त्यामुळे 'ग्रामपंचायत', 'टँकर' हे शब्द मी इंग्रजी उताऱ्यातही तसेच ठेवते. शब्दांची ती शिल्लक 'अनलेस', 'देअरफोर', 'हार्डली' अशांसाठी वापरता येते.

प्रश्न कोणते

बहुपर्यायी प्रश्नांची बाजू खरी आहे. दीडशे पेपर दोन दिवसांत तपासून होतात, तपासणारा बदलला तरी गुण बदलत नाहीत, आणि मुलांना पुढे याच साच्याला तोंड द्यायचं असतं. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा सीसॅट, म्हणजे कल तपासणारा पेपर ८० बहुपर्यायी प्रश्नांचा आहे आणि त्यात आकलनाचे उतारे असतात. पण याच परीक्षेच्या मुख्य टप्प्यावर ३०० गुणांचा सक्तीचा इंग्रजी पेपर असतो. तिथे उताऱ्याला ७५ आणि सारांशाला ७५ गुण, आणि दोन्ही लिहायचं. फक्त गोल रंगवायची सवय लावली तर तिथे मूल अडतं.

गाळलेल्या जागांची पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली, ठरावीक अंतराने एकेक शब्द काढून टाकायचा. मला तिचा बदललेला अवतार आवडतो. विषयाचे शब्द राहू द्यायचे आणि फक्त जोडशब्द काढायचे. 'पाणी' हा शब्द कुणीही ओळखतं. पण दोन वाक्यांमध्ये 'बट' हवं की 'सो', हे ओळखायला दोन्ही वाक्यं कळावी लागतात. सारांशलेखन उत्तमच, पण त्यात वाचन आणि लेखन दोन्ही मोजलं जातं. वेगळं काढता येत नाही.

आणि मतांचा प्रश्न. बारावीच्या कृतिपत्रिकेतल्या 'पर्सनल रिस्पॉन्स'ची मुलांना सवय असते, म्हणून आपणही 'तुम्हाला काय वाटतं?' विचारतो. सामाजिक विषयात इथे आपला हात घसरतो. छान, पुरोगामी उत्तर दिसलं की आपण गुण देतो, उताऱ्याचा त्यात मागमूस नसला तरी. उलट एखाद्या मुलाने हेरवाडच्या उताऱ्यातलं म्हणणं अचूक मांडलं आणि खाली लिहिलं, की मला हे पटत नाही, आमच्याकडे हे चालणार नाही, तर पेन अडखळतं. वाचनाचे पूर्ण गुण त्याचेच आहेत. त्याच्या मताशी वाद घालायला उद्याचा तास आहे. म्हणून मी प्रश्न असा लिहिते: 'लेखकाच्या मते ठराव का झाला? उताऱ्यातल्या दोन ओळींचा आधार द्या.' मत विचारायचंच असेल तर ते लेखनाच्या विभागात, वेगळ्या गुणांना.

उत्तर कोणत्या भाषेत

यावर सहकाऱ्यांशी माझे सगळ्यात जास्त वाद होतात. इंग्रजीच्या पेपरात मराठी उत्तर हे अनेकांना पटत नाही. पण एलाना शोहामी यांनी इस्रायलमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला १९८४ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. तोच उतारा, पण प्रश्न मातृभाषेत म्हणजे हिब्रूत विचारले तर गुण वाढले; पर्याय दिले तरी वाढले; आणि सगळ्यात जास्त फरक कच्च्या विद्यार्थ्यांत पडला. म्हणजे ज्यांना आपण 'कळलं नाही' म्हणून नापास करतो, त्यांतल्या काहींना कळलेलं असतं.

लातूरच्या उताऱ्याचं उत्तर कोरं ठेवणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, मराठीत सांग. त्याने वाघिणींपासून रांगांपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं, आणि वर म्हणाला, 'मॅडम, कळतं, लिहिता येईना.' त्याला वाचनाचा धडा नको होता, लेखनाचा हवा होता. पेपरवरून मला हे कधीच कळलं नसतं.

तर निवड करायची झाली तर अशी. जुलैमध्ये मुलं कुठे उभी आहेत हे पाहण्यासाठी चाचणी घेत असाल, तर जवळचा उतारा, लघुत्तरी प्रश्न आणि मराठीत किंवा हिंदी-उर्दूत उत्तराची मुभा. सत्रान्त परीक्षा, मोठा वर्ग आणि तपासायला चार दिवस असतील, तर त्याच प्रकारचा उतारा, सहा बहुपर्यायी प्रश्न आणि दोन लघुत्तरी, इंग्रजीत, पण त्या दोनांत व्याकरणाचे गुण कापायचे नाहीत. परका उतारा तिसऱ्या वर्षाला, परदेशी परीक्षांची तयारी करणाऱ्यांना द्यावा, आणि त्याआधी त्या देशाची दोन-चार वाक्यांत ओळख करून द्यावी. पाठ झालेले विषय परीक्षेतून काढून निबंधाकडे सोपवले तरी चालेल.

यंदा मी हेरवाडवर साडेतीनशे शब्दांचा नवा उतारा लिहिलाय. प्रश्न उताऱ्याविना शेजारच्या बी.कॉम.च्या पाच जणांना दिले होते. घटनाक्रमाचा प्रश्न पाचही जणांचा चुकला, म्हणून तो ठेवला. 'विधवा प्रथा वाईट का?' हा पाचही जणांचा बरोबर आला. तो काढून टाकलाय.